डोनाल्ड डक जन्मला अमेरिकेत, वाढला युरोपात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी कोणीही आलं की माझ्या कपाटातल्या जर्मन पॉकेटबुकांच्या रांगेकडे बघतं आणि मग तेच तेच प्रश्न सुरू होतात, एवढी मोठी बाई बदकाची पुस्तकं का जमवते इथपासून ते हे सगळं अमेरिकेतून येतं ना इथपर्यंत. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच ठेवते.

डोनाल्ड, मिकी तर अमेरिकन ना? मग "युरोपियन डिस्ने कॉमिक्स" हा काय प्रकार आहे?

पात्रं अमेरिकन आहेत, गोष्टी नाहीत. म्हणजे डोनाल्ड, मिकी, गूफी, डोनाल्डचा गडगंज पण कंजूष मामा अंकल स्क्रूज हे सगळे तिकडचेच, पण गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्यांच्या ज्या हजारो कॉमिक्स गोष्टी लिहिल्या आणि काढल्या गेल्या त्यातला फार मोठा हिस्सा इटली, डेन्मार्क, हॉलंड, फ्रान्स इथे तयार झालाय. तिथले लेखक, तिथले चित्रकार, तिथले संपादक, आणि वाचणारेही तिथलेच. हक्क डिस्नेकडे, काम यांचं. आपल्याला मिकी म्हटलं की सिनेमा, टीव्ही, नाहीतर शाळेच्या दप्तरावरचं चित्र आठवतं, पण इटलीतल्या किंवा फिनलंडमधल्या माणसाला आठवतो तो दर आठवड्याला घरी येणारा अंक, लहानपणी बाबांनी वाचून दाखवलेला आणि आता तो स्वतः पोरांना वाचून दाखवतो तो. फरक खूप मोठा आहे.

पण अमेरिकेत का थांबलं आणि तिकडे का चाललं?

अमेरिकेत एके काळी जोरात होतं की, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला डिस्नेचं तिथलं मुख्य मासिक महिन्याला ३० लाखांच्या वर खपायचं. पुढे टीव्ही आला, कॉमिक्सच्या स्टँडवर सुपरहिरो पसरले, खप घसरत गेला आणि १९८४ मध्ये वेस्टर्न या प्रकाशकाने डिस्ने कॉमिक्स काढणंच बंद केलं. युरोपात मात्र युद्धानंतर हे अंक घराघरात शिरले होते. नॉर्डिक देशांत, म्हणजे स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड इथे, तर वर्गणी भरायची आणि अंक पोस्टाने दारात, त्यामुळे दुकानात काय खपतंय याच्यावर सगळं अवलंबून नव्हतं. आणि एकदा साप्ताहिक सुरू झालं की त्याचं पोट भरावंच लागतं, अमेरिकेतून येणारा माल पुरेना, तेव्हा डिस्नेने १९६२ पासून खास परदेशी प्रकाशकांसाठी गोष्टी बनवायला सुरुवात केली, तरीही भूक भागेना, मग ज्याने त्याने आपापल्या घरी चूल मांडली.

कार्ल बार्क्सचं नाव सारखं येतं, ते कोण?

सगळ्याचं मूळ. बार्क्स अमेरिकन, ऑरेगनमधल्या मेरिल गावाजवळ १९०१ मध्ये जन्मलेले. सिनेमातला डोनाल्ड नुसता चिडका, फाटक्या आवाजात कचाकचा बोलणारा, बार्क्सनी कॉमिक्समध्ये त्याला माणसात आणला. ही बदकं राहतात ते डकबर्ग हे शहर त्यांचं. अंकल स्क्रूज त्यांचा, १९४७ च्या ख्रिसमसच्या गोष्टीत पहिल्यांदा आला. नशीबवान ग्लॅडस्टोन, चोर बीगल बॉइज, संशोधक गायरो, चेटकीण मॅजिका, सगळे त्यांच्या टेबलावर जन्मले. आणि त्यांचं नाव? कुठेच नाही. अंकावर फक्त वॉल्ट डिस्ने. वाचणारी पोरं त्यांना नुसतं "चांगला बदकवाला चित्रकार" म्हणून ओळखायची, कारण बाकीच्यांचे बदक आणि याचे बदक यातला फरक त्यांना बघताक्षणी कळायचा. ते नाव शोधून काढायला चाहत्यांना १९६० च्या आसपासपर्यंत वाट बघावी लागली, म्हणजे माणसाची कारकीर्द संपत आली होती तेव्हा. १९९४ मध्ये वयाच्या ९३ व्या वर्षी बार्क्स युरोपच्या दौऱ्यावर आले आणि ठिकठिकाणी लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

इटलीचं एवढं कौतुक का?

कारण इटलीने सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त हे आपलंसं केलं. तिथे मिकीला टोपोलिनो म्हणतात, म्हणजे छोटा उंदीर, आणि त्याच नावाचं साप्ताहिक ३१ डिसेंबर १९३२ ला फ्लॉरेन्सच्या नेर्बिनी या प्रकाशकाने सुरू केलं, १९३५ मध्ये ते मोंदादोरीकडे गेलं. मुसोलिनीच्या सरकारने १९३८ मध्ये परदेशी कॉमिक्सवर बंदी आणली तेव्हा टोपोलिनोला त्यातून वगळलं होतं, पण १९४२ मध्ये त्याचीही पाळी आलीच आणि त्याच्या जागी तुफ्फोलिनो नावाचा एक माणसाचा पोरगा आणून बसवला, गोष्ट तशीच, फक्त उंदीर गायब. युद्धानंतर उंदीर परत आला.

खरी मजा १९४९ पासून. त्या वर्षी टोपोलिनो छोट्या पॉकेट आकारात निघायला लागला आणि पान लहान झाल्यामुळे चित्रांच्या चारऐवजी तीनच ओळी बसायला लागल्या. ऐकायला किरकोळ वाटतं, पण याने गोष्ट सांगायची पद्धतच बदलली, चित्रं मोठी झाली, पानं वाढली, तीस-तीस पानांच्या गोष्टी सर्रास व्हायला लागल्या आणि लेखकाला पसरायला जागा मिळाली. बार्क्सच्या दहा पानी गोष्टीत एक विनोद दुसऱ्यावर आदळतो, इटालियन गोष्ट निवांत सिनेमासारखी चालते.

आणि त्याच वर्षी "टोपोलिनोचा नरक" आली. जुना इटालियन महाकवी दान्ते याच्या महाकाव्यावरची. ग्विदो मार्तिनाने लिहिली, आंजेलो बियोलेत्तोने काढली. मिकी आणि गूफी दान्तेच्या नाटकात काम करत असतात, एक जादूगार त्यांना संमोहित करतो आणि ते स्वतःला खरंच दान्ते आणि त्याला नरकात वाट दाखवणारा कवी व्हर्जिल समजायला लागतात. पण कमाल ही नाही, कमाल ही आहे की चित्रांखालचा मजकूर दान्तेच्याच त्रिपदीत आहे, यमकासकट. आपल्याकडे कोणी मिकीची अख्खी गोष्ट ओवीत लिहिली असती तर कसं वाटलं असतं, तसं समजा. पहिल्या पानावर पद्यरचना मार्तिनाची असं छापलं होतं, एरवी निनावी राहणाऱ्या इटालियन लेखकांत असं नाव मिळालेला तो पहिला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

मार्तिनानंतर व्हेनिसचे रोमानो स्कार्पा. त्यांनी स्क्रूजच्या मागे लागलेली ब्रिजिता हे पात्र १९६० मध्ये आणलं आणि इटलीत ती आजही आहे, अमेरिकन वाचकाला मात्र बरीच वर्षं तिचा पत्ताही नव्हता. त्यांचेच शिष्य जोर्जो कावात्सानो, त्यांची रेघ बघाल तर हात-पाय, गाड्या, खुर्च्या सगळं रबरासारखं हलतं. साहित्यकृतींची बदकं करण्याची परंपराही चालू राहिली, इटलीत प्रत्येक पोराला शाळेत वाचावी लागणारी मांझोनीची कादंबरी १९७६ मध्ये बदकांच्या दुनियेत आली.

पापेरिनिक म्हणजे डोनाल्ड सुपरहिरो? हे कोणी केलं?

हो, आणि हेही इटलीनेच. पापेरिनो म्हणजे डोनाल्ड, त्यावरून पापेरिनिक. कल्पना एलिसा पेन्ना या संपादक बाईंची, लेखन मार्तिना, चित्रं जोव्हान बत्तिस्ता कार्पी, जून १९६९. वाचक तक्रार करत होते की डोनाल्ड नेहमी हरतोच, मामा राबवून घेतो, ग्लॅडस्टोन सगळं फुकट पळवतो, कधी तरी याला जिंकू दे. तेव्हा इटलीत काळ्या कपड्यातल्या मास्कवाल्या चोराचं एक कॉमिक तुफान चाललेलं, त्याची छाया इथे सरळ दिसते. डोनाल्डला एका जुन्या बंगल्यात फान्तोमिउस नावाच्या सभ्य चोराची डायरी आणि साहित्य सापडतं आणि तो रात्री सूड घ्यायला निघतो. पहिल्या गोष्टीत तो जगाला वाचवत वगैरे नाही हं, तो स्क्रूज झोपलेला असताना त्याची पैशांनी भरलेली गादी पळवतो! पुढे हळूहळू तो सज्जन हिरो झाला, १९९६ मध्ये तर त्याची परग्रहवासी आणि कॉम्प्युटरवाली नवी मालिका आली, ती वाचून मोठी झालेली आख्खी एक पिढी इटलीत आहे. पण मला तो पहिला, गादी पळवणारा जास्त आवडतो कारण त्यात रोज अपमान गिळणाऱ्या माणसाचा खरा राग आहे.

जर्मनीत नुसतं भाषांतर झालं ना? त्यात काय विशेष?

"नुसतं भाषांतर" म्हणणाऱ्यांशी मी भांडते. डॉक्टर एरिका फुक्स. हे नाव लक्षात ठेवा.

१९५१ मध्ये जर्मनीत मिकी माउस मासिक सुरू झालं, ७५ फेनिगला. तेव्हा तिथले शिक्षक, पालक, वर्तमानपत्रं कॉमिक्सला सरळ कचरा म्हणायची, पोरांची भाषा बिघडते म्हणून ओरड होती. फुक्स बाई कलेच्या इतिहासात डॉक्टरेट केलेल्या, त्या या मासिकाच्या मुख्य संपादक झाल्या आणि १९८८ पर्यंत राहिल्या. त्यांनी काय केलं तर अमेरिकन कॉमिक्सच्या संवादाच्या फुग्यांमधल्या साध्या इंग्रजीच्या जागी अशी जर्मन आणली की जिच्यात शिलर आहे, गटे आहे, म्हणजे जर्मनीचे थोर जुने कवी, म्हणी आहेत, आणि प्रत्येक पात्राची बोली वेगळी आहे. स्क्रूज मामा जुन्या वळणाचं भारदस्त बोलतो, डोनाल्डचे तिघं भाचे त्या वेळच्या शाळकरी पोरांसारखे आणि डोनाल्ड भावनेच्या भरात एकदम अलंकारिक.

एक उदाहरण देते. शिलरच्या "विल्हेल्म टेल" नाटकात स्विस लोक शपथ घेतात की आम्ही बंधूंचं एक राष्ट्र होऊ, कुठल्याही संकटात एकमेकांपासून वेगळे होणार नाही. जर्मन शाळेत हे पाठच असतं. फुक्सच्या कॉमिकमध्ये तिघं भाचे हात उंचावून तीच शपथ घेतात, शब्द न् शब्द तोच, फक्त "वेगळे होणार नाही" च्या जागी "अंघोळ करणार नाही". बस. एक क्रियापद बदललं. आठ वर्षांचं पोर अंघोळीला हसतं, बाप शिलरला हसतो, आणि पोर पुढे शाळेत शिलर वाचतं तेव्हा पुन्हा एकदा हसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी क्रियापदाची शेपटी कापून उद्गार बनवले. आपल्याकडे "कण्हणे" मधलं "णे" काढून फुग्यात नुसतं "कण्ह!" लिहिलं तर कसं होईल, तसं. मराठीला आवाजाचे शब्द शिकवावे लागत नाहीत, धपकन, खळकन, करकर, आपल्याकडे ढीग आहे, पण यांनी आवाज नसलेल्या गोष्टींचेही असे शब्द केले, विचारात पडणं, आवंढा गिळणं, सगळं. आज जर्मन पोरं चॅटवर दोन चांदण्यांच्या (*) मध्ये असे शब्द टाकतात आणि या रूपाला गमतीने "एरिकाटिव्ह" म्हणतात, एरिकाच्या नावावरून. भाषांतर करणाऱ्या बाईच्या नावाने व्याकरणाचं रूप ओळखलं जातं, अजून काय पाहिजे?

त्या बव्हेरियातल्या श्वार्त्सेनबाख या छोट्या गावात राहायच्या, आसपासच्या ओबरकोत्साउसारख्या गावांची नावं त्यांनी गोष्टींत घुसवली, म्हणून तिथल्या लोकांना आपण डकबर्गच्या पंचक्रोशीत राहतो असं वाटतं. २००५ मध्ये ९८ व्या वर्षी त्या गेल्या. २०१५ मध्ये त्या गावात त्यांच्या नावाचं म्युझियम उघडलं.

डोनाल्डिस्ट म्हणजे कोण?

डकबर्ग खरंच आहे असं धरून त्याचा अभ्यास करणारे लोक. शब्द नॉर्वेच्या यून गिसले यांचा, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा. जर्मनीतली संघटना १९७७ ची, ती स्थापन करणारे हान्स फॉन श्टोर्ख हे पुढे नावाजलेले हवामानशास्त्रज्ञ झाले. हे लोक डकबर्गचं हवामान, अर्थव्यवस्था, बदकांना दात का दिसतात अशा गोष्टींवर गंभीरपणे निबंध वाचतात, एकाने तर शेकडो गोष्टींतली चित्रं तपासून शहराचा पूर्ण नकाशा काढला. ज्या प्रेमाने आपल्याकडे लोक एखाद्या ओवीच्या पाठभेदावर रात्र घालवतात त्याच प्रेमाने.

डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे यांचं काय?

इथे सगळं एगमाँट या डॅनिश कंपनीभोवती फिरतं. स्वीडनचा अंक १९४८, नॉर्वेचाही त्याच वर्षाच्या शेवटी, डेन्मार्कचा १९४९. साठच्या दशकात कोपनहेगनहून स्वतःच्या गोष्टी बनवणं सुरू झालं आणि इथे एक गंमत आहे की या "डॅनिश" गोष्टी काढणारे बरेच जण डॅनिश नव्हतेच. विकार या सहीने काढणारे व्हिक्टर आरियागादा चिलीचे, बार्सिलोनात राहून काढायचे. दानिएल ब्रांका अर्जेंटिनाचे. म्हणजे पात्र अमेरिकन, संपादक डॅनिश, चित्रकार चिलीचा, आणि वाचणारं पोर स्वीडनच्या खेड्यात. विकारचा डोनाल्ड बघा, खांदे पडलेले, हात मागे, बिल हातात घेऊन उभा, शेजारच्या घरातला माणूस वाटतो.

फिनलंडमध्ये डोनाल्डवर चड्डी नाही म्हणून बंदी घातली होती, खरं का?

खोटं. सत्तरच्या दशकात हेलसिंकीच्या नगरपालिकेत पैसे वाचवायला युवक केंद्रांसाठी येणारे अंक बंद करावेत असा विषय निघाला होता, त्याचं निवडणुकीच्या काळात भलतंच झालं आणि मग जगभर चड्डीची गोष्ट पसरली. उलट फिनलंडइतकं प्रेम कुठे नाही. आकू आंक्का, म्हणजे त्यांचा डोनाल्ड, ५ डिसेंबर १९५१ पासून निघतोय आणि साधारण पंचावन्न लाख वस्तीच्या देशात त्याचा खप एके काळी ३ लाखांच्या वर होता. तिथल्या संपादकांची फिनिश इतकी रसरशीत की २००१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठाच्या फिनिश विभागाने त्यांना भाषेसाठी पुरस्कार दिला. कॉमिकला!

प्रत्येक देशात नावं वेगळी का?

कारण पोराच्या तोंडात बसलं पाहिजे. डोनाल्ड इटलीत पापेरिनो, स्वीडनमध्ये काल्ले आंका, फिनलंडमध्ये आकू आंक्का. स्क्रूज जर्मनी-हॉलंडमध्ये डागोबेर्ट, फ्रान्समध्ये पिकसू, फिनलंडमध्ये रोपे. तिघं भाचे तर सगळ्यात गोड: क्वी-क्वो-क्वा, टिक-ट्रिक-ट्रॅक, रिप-रॅप-रुप, टुपू-हुपू-लुपू. मोठ्याने म्हणून बघा.

डॉन रोझा अमेरिकन, मग तो युरोपच्या यादीत कसा?

कारण अमेरिकेने त्याला सांभाळलं नाही, युरोपने सांभाळलं. बदकांच्या गोष्टी लिहिणारा आणि काढणारा, अमेरिकेत केंटकीतल्या लुईव्हिलचा, १९५१ चा जन्म, बार्क्सचा निस्सीम भक्त. त्याची स्क्रूजची बारा भागांची जीवनकथा १९९२ ते ९४ मध्ये एगमाँटसाठी तयार झाली आणि आधी डेन्मार्कमध्ये आली. बार्क्सनी जुन्या गोष्टींत स्क्रूजच्या तरुणपणाबद्दल जे एक-एक वाक्य इकडेतिकडे टाकलं होतं ते सगळं गोळा करून त्याने सलग आयुष्य विणलं. सुरुवात १८७७ चं ग्लासगो. दहा वर्षांचं पोर बूट पुसायला बसलंय, चिखलाने लडबडलेले एका खड्डे खणणाऱ्याचे बूट घासता घासता थकून जातं, आणि मिळतं काय तर अमेरिकन नाणं, जे स्कॉटलंडमध्ये चालतच नाही. ते नाणं हातात धरून तो ठरवतो की यापुढे मला कोणी फसवणार नाही. तो एक चौकोन बघा आणि मग मोठेपणीचा कंजूष म्हातारा बघा, त्याला कंजूष म्हणवत नाही.

१९९९ मध्ये त्याने फिनलंडच्या कालेवाला या महाकाव्यावर गोष्ट केली, आणि तिच्या मुखपृष्ठावर तिथलं एक प्रसिद्ध जुनं चित्र बदकांना घेऊन पुन्हा काढलं. फिनिश संगीतकार टुओमास होलोपाइनेनने २०१४ मध्ये स्क्रूजच्या जीवनकथेवर पूर्ण अल्बम काढला.

गोष्टी लिहिणाऱ्या-काढणाऱ्या या लोकांना पैसे मिळाले का?

पानामागे ठरलेली रक्कम, एकदाच. नंतर गोष्ट वीस देशांत कितीही वेळा छापा, रॉयल्टी नाही. रोझाने हे उघडपणे लिहिलंय आणि डोळ्यांचा त्रास आणि ही व्यवस्था ही काम सोडण्याची कारणं म्हणून सांगितलीत. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही, कारण त्याच गोष्टींचे जाडजूड संग्रह दुकानात दिमाखात विकले जातात.

फ्रान्स आणि हॉलंड?

फ्रान्समध्ये १९३४ पासून मिकीचं साप्ताहिक आहे, हंगेरीहून आलेल्या पॉल विंकलरने सुरू केलेलं. २०१६ पासून ग्लेना या प्रकाशकाने लुआझेल, त्रोंदाइम, कोझे अशा नावाजलेल्या चित्रकारांना मिकीचे स्वतंत्र अल्बम करू दिले, ते देखणे आहेत. हॉलंडचं साप्ताहिक १९५२ चं. तिथले डान यिप्पेस यांनी, बार्क्सनी फक्त लिहिलेल्या आणि दुसऱ्यांनी कशाबशा काढलेल्या जुन्या गोष्टी पुन्हा बार्क्सच्या हाताने काढाव्यात तशा काढल्या.

आपल्याकडे याचं काही नातं आहे का?

दोन आहेत. एक म्हणजे नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी लागणारं हिंदी डकटेल्स, आमच्या चाळीत त्या वेळी रस्त्यावर क्रिकेट बंद असायचं. त्यातल्या कितीतरी गोष्टी बार्क्सच्या कॉमिक्समधून उचललेल्या आहेत, म्हणजे आपण बार्क्स बघितलेत, फक्त माहीत नव्हतं.

दुसरं नातं वेताळाचं. फँटम हा ली फॉकचा अमेरिकन नायक, १९३६ चा. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या मराठी आवृत्तीत तो महाबली वेताळ होऊन आपल्या घरी आला, त्याचा देशसुद्धा डेंकाली झाला. स्वीडनमध्येही नेमकं असंच वेड, १९५० पासून तिथे त्याचे अंक चालू आहेत, आणि साठच्या दशकापासून ते स्वतःच्या गोष्टी बनवतात, जुन्या पिढ्यांच्या, समुद्री चाच्यांच्या. १९९० मध्ये इंद्रजाल बंद झालं आणि आपला वेताळ थांबला, त्यांचा चालू राहिला. हे लिहितानाही थोडं वाईट वाटतं.

एखादी गोष्ट कुणाची आहे हे कसं ओळखायचं?

इंडक्स नावाची एक ऑनलाइन सूची आहे, जगभरच्या चाहत्यांनी फुकट राबून बनवलेली. प्रत्येक गोष्टीला कोड असतो आणि पहिल्या अक्षरावरून देश कळतो, डी म्हणजे डेन्मार्क, आय म्हणजे इटली, एच म्हणजे हॉलंड, डब्ल्यू म्हणजे अमेरिकेतलं वेस्टर्न. कोड बहुतेक वेळा पहिल्या चौकोनाच्या कोपऱ्यात बारीक छापलेला असतो. रोझाची गोष्ट असेल तर अजून एक खूण आहे, पहिल्या चित्रात कुठेतरी, गवतात, लाकडाच्या रेषांत, डी.यू.सी.के. ही अक्षरं लपवलेली असतात, "अंकल कार्लला केनोकडून अर्पण" याची इंग्रजी आद्याक्षरं. कार्ल म्हणजे बार्क्स आणि केनो हे रोझाचं पहिलं नाव. मी पहिल्यांदा शोधायला बसले तेव्हा अर्धा तास भिंग घेऊन पान उलटंपालटं केलं, शेवटी सापडलं ते चक्क माझ्या अंगठ्याखाली.

सुरुवात कुठून करू?

इंग्रजीत रोझाची जीवनकथा आणि बार्क्सचे संग्रह, दोन्ही मिळतात. जर्मन शिकत असाल तर १९६७ पासून निघणारी ती जाड पॉकेटबुकं घ्या, त्यात बहुतेक इटालियन गोष्टी असतात. मी जर्मनी मुक्कामात जुन्या बाजारातून एक-एक करून घेतली, घरी आणून क्रमाने लावली की कण्यांवरच्या तुकड्यांतून बदकांचं एकच लांब चित्र तयार होतं. माझ्या रांगेत अजून तीन आकडे कमी आहेत, त्यामुळे डोनाल्डची चोच अर्धीच दिसते. कोणाकडे जास्तीच्या प्रती असतील तर जरूर सांगा.